घर दाखवायला काढण्याआधी: मुंबईत पहिल्यांदाच फ्लॅट विकणाऱ्यांसाठी

मुलुंड पूर्वेला आई-बाबांचा तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके आम्ही विकायला काढला, तेव्हा आलेली पहिली पार्टी चार मिनिटांत परत गेली. नवरा-बायको आणि बाईंचे वडील. हॉलमध्ये उभं राहून त्यांनी खिडकी बघितली, किचनमध्ये डोकावले, बाई बाथरूमच्या दारापर्यंत गेल्या आणि ओढणी नाकाला लावून तशाच मागे फिरल्या. "छान आहे, कळवतो," म्हणाले आणि लिफ्टची वाटही न बघता जिन्याने उतरले.

घर नऊ महिने बंद होतं. आदल्या दिवशी मी स्वतः झाडून-पुसून घेतलं होतं, उदबत्ती लावली होती. ती मंडळी गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो आणि तो वास मला पहिल्यांदा नीट जाणवला. गटाराचा वास. संध्याकाळी प्लंबर आला, खाली बसला, जाळी उचलली, मोबाईलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, "ट्रॅप सुकलाय. पाणी ओता." दोन तांबे पाणी ओतलं, खिडकी उघडी ठेवली, आणि तासाभरात वास गेला. एवढ्यासाठी एक पार्टी हातची गेली.

त्यानंतर ते घर विकलं, मग मावसभावाचं दहिसरचं, आणि एका सहकाऱ्याचं चेंबूरचं घर विकताना मी सोबत होतो. या तीन घरांमध्ये लोक कशाला बिचकतात ते जवळून बघायला मिळालं. घेणारा माणूस वीस-वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणार असतो, आणि घर बघायला त्याला मिळतात पंधरा मिनिटं. भिंतीतला पाइप, स्लॅबमधली सळई, सोसायटीचे हिशेब यातलं काही त्याला दिसत नाही. म्हणून जे दिसतं त्यावरून तो न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतो. गळका नळ बघून तो मनाशी म्हणतो, "यांनी नळाचं बघितलं नाही, मग बाकीचं काय बघितलं असणार?" तुमच्या दृष्टीने दीडशे रुपयांचं काम, त्याच्या दृष्टीने पूर्ण घरावरची शंका. खालची कामं त्या क्रमाने केलीत तर दोन शनिवार-रविवार पुरतात. ओलीचं काम मात्र वेगळं, त्याला वेळ लागतो, म्हणून त्यावर मी जास्त लिहिलं आहे.

पहिलं काम: गेटपासून चालत या

आपण आपल्या घराला सरावलेले असतो. तेव्हा ज्याने तुमचं घर कधी बघितलेलं नाही अशा एखाद्या ओळखीच्या माणसाला बोलवा, ऑफिसमधलं कोणी चालेल. त्याला गेटपासून दारापर्यंत आणि मग घरभर फिरू द्या आणि जे खटकेल ते तोंडावर सांगायला सांगा. नातेवाइकांचा इथे उपयोग नाही, ते मन राखतात.

गेटवर वॉचमनला आधीच सांगून ठेवा की अमुक वाजता माणसं येणार आहेत. सोसायटीत व्हिजिटरचं अॅप असेल तर त्या वेळी फोन हातात ठेवा. पार्टी उन्हात गेटवर दहा मिनिटं ताटकळली की घर बघायच्या आधीच तिचा मूड गेलेला असतो.

नोटीस बोर्ड वाचा. घेणारे तो हमखास वाचतात, लिफ्टची वाट बघताना दुसरं करायला काही नसतं. थकबाकीदारांच्या यादीत तुमचा फ्लॅट नंबर असेल तर तो प्रश्न घर दाखवायच्या आधी मिटवा. चेंबूरला नेमकं हेच झालं होतं. थकबाकी जुनी होती, कधीच भरली होती, पण कमिटीने यादी बदललेली नव्हती. सेक्रेटरींना भेटून नवीन यादी लावून घ्यायला एक संध्याकाळ लागली.

मजल्यावरच्या पॅसेजमध्ये चपलांचं स्टँड, रद्दीचे गठ्ठे, मुलाची जुनी सायकल, कुंड्या असं काही तुमचं असेल तर उचला. ते आगीच्या दृष्टीनेही तिथे असू नये. शेजाऱ्यांचं असेल तर गोड बोलून तेवढ्यापुरतं आत घ्यायला सांगा.

मग तुमचं दार. बेल वाजते का? बंद बेल असलेल्या घराबाहेर उभं राहून कडी वाजवताना माणसाला उगाच अवघडल्यासारखं होतं. दसऱ्याचं झेंडूचं तोरण सुकून काळं पडलं असेल तर काढा, ताजं आंब्याच्या पानांचं लावा किंवा काहीच लावू नका. सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्यांना तेल द्या. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. सुताराला बोलावून रंधा मारून घ्या.

दुसरं काम: वास

मुलुंडच्या अनुभवानंतर माझं ठाम मत झालं आहे की आधी वास, मग बाकी सगळं. बाथरूम, संडास, वॉशबेसिन, किचनचं सिंक आणि असेल तर ड्राय बाल्कनी, प्रत्येकाच्या खाली वळण असतं आणि त्या वळणात थोडं पाणी साठून राहतं. ते पाणी म्हणजे खालच्या ड्रेनेजची हवा आणि झुरळं वर येऊ नयेत म्हणून घातलेलं बूच. घर बंद राहिलं की ते आटतं आणि गटाराची हवा सरळ घरात येते. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या वळणात, पाणी कमी असतं, तो आधी कोरडा पडतो. म्हणून बंद घर दाखवायचं असेल तर दर आठवड्याला कोणीतरी जाऊन प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओतायचं आणि फ्लश एकदा ओढायचा. पंधरा-वीस दिवस जाता येणार नसेल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी उडायचा वेग कमी होतो. पाणी ओतूनही वास येत असेल तर जाळीखाली केस आणि साबणाचा गाळ अडकलेला असतो, तो हाताने काढावा लागतो.

पुढे कपाटं. डांबराच्या गोळ्यांचा वास काहींना सवयीचा, काहींचं डोकं दुखवणारा. गोळ्या आठ दिवस आधी काढा, कपाटांची दारं दिवसा उघडी ठेवा. जुन्या कापसाच्या गाद्या पावसाळ्यात ओल धरतात, त्या उन्हात घाला किंवा सरळ काढून टाका. बंद फ्रिजचं दार फटीएवढं उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी येते आणि कुतूहलाने दार उघडणाऱ्या बाईंच्या नाकाशी तो भपकारा येतो.

घरात राहूनच विकत असाल तर आदल्या रात्री बोंबील तळू नका, सुकट भाजू नका. आमच्याकडे दोन्ही आवडीनं होतं, पण तो वास पडद्यांत दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. फोडणीचा, लसणाचा वासही तसाच. सकाळी लवकर स्वयंपाक आटपा, पंखे लावा, खिडक्या उघडा.

रूम फ्रेशनर मारू नका. पार्टी यायच्या पाच मिनिटं आधी मारलेला मोगऱ्याचा भपका लोकांना लगेच कळतो आणि मग ते मुद्दाम खोल श्वास घेऊन खालचा वास शोधतात. उघड्या खिडकीची हवा आणि हवी तर देवघरातली एक उदबत्ती एवढं पुरे.

आणि झुरळं. दिवसाउजेडी ओट्यावरून एक झुरळ पळालं की पुढचं बोलणं संपतं. जेल लावून घ्यायचं तर निदान आठवडाभर आधी लावा, कारण सुरुवातीचे काही दिवस मेलेली आणि अर्धमेली झुरळं बाहेर येत राहतात.

तिसरं काम: ओल, आणि ती न लपवणं

मुंबईत घर बघणारा प्रत्येक माणूस वर बघतो. छताचे कोपरे, बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, खिडकीच्या खालचा भाग, कपाटाच्या मागचा भाग. चार महिने पाऊस झेलणाऱ्या शहरातली माणसं आहेत, ओलीचा डाग त्यांना झोपेतही ओळखता येतो.

दहिसरला मावसभावाने डागावर रंग मारून घेतला होता. वरच्या बाथरूमची गळती बेडरूमच्या एका कोपऱ्यात उतरली होती, साधारण दोन फुटांचा पट्टा. पेंटरने पापुद्रे खरवडले, पुट्टी भरली, तेवढ्याच तुकड्याला रंग दिला. बघायला आलेल्या बाईंबरोबर त्यांचे काका होते, आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर काम केलेले. त्यांनी काही न बोलता भिंतीवर तळहात ठेवला, कोपऱ्यापर्यंत सरकवत नेला आणि एका जागी थांबले. नखाने हलकेच दाबलं, तर रंग फुग्यासारखा आत गेला. त्यांनी मावसभावाकडे बघितलं आणि विचारलं, "कधी केलं हे?" तो गप्प. घर त्यांना पसंत होतं, भावही जवळपास जुळला होता. नंतर एजंटकडून कळलं की गळतीचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं, दुरुस्तीचे पैसे वजा करून घेतले असते. रंग मारून लपवलं म्हणून ते गेले.

रंग का टिकत नाही ते समजून घ्या. भिंतीत मुरलेलं पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, तीच ती पांढरी पूड. ती रंगाला मागून ढकलते आणि पापुद्रा फुगतो. पाण्याचा झरा चालू असताना वरून कितीही महाग रंग मारा, काही आठवड्यांत तो सुटणारच.

म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधा. डाग फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर बाहेरची भिंत, गच्ची किंवा खिडकीची चौकट संशयित. बाराही महिने ओला असेल तर वरचं बाथरूम, संडास किंवा पाइप. शेवटच्या मजल्यावर असाल तर गच्चीवर जाऊन वॉटरप्रूफिंगला भेगा आहेत का, पाणी जायची भोकं तुंबली आहेत का, ते बघा. खिडकीच्या खालच्या कडाप्प्याचा उतार आतल्या बाजूला असेल तर पावसाचं पाणी घरात येणारच, तो उतार बाहेरच्या बाजूला करून घेणं हे गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे.

खर्च कोणाचा यावर मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये जन्माची भांडणं होतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाइक पाइपलाइनमधून येणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची आणि एखाद्याच्या संडास, बाथरूम, सिंकमधून होणारी गळती त्या सभासदाने स्वखर्चाने. वरच्यांशी तोंडी वाद घालत बसू नका. सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दहिसरला असा अर्ज दिल्यावर कमिटीने प्लंबर पाठवला, वरच्या बाथरूमच्या लाद्यांच्या सांध्यांमध्ये ग्राउटिंग झालं, भिंत महिनाभर उघडी सुकू दिली आणि मग एका कोपऱ्याऐवजी पूर्ण भिंतीला रंग दिला. अर्जाची प्रत, कामाचं बिल आणि दुरुस्तीआधीचे-नंतरचे फोटो एका पाकिटात ठेवले. पुढच्या पार्टीला मावसभावाने स्वतःहून ते पाकीट दाखवलं.

दुरुस्ती पाऊस संपल्यावर, भिंती सुकल्यावरच होते. ऑगस्टमध्ये घर दाखवायची वेळ आली आणि ओल दिसत असेल तर सांगा की आहे, कुठून येते ते सांगा, दुरुस्तीचं कोटेशन हातात ठेवा.

इमारत 30 वर्षांहून जुनी असेल तर महापालिकेच्या कायद्यानुसार तिचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेणं बंधनकारक आहे. ते झालंय का, अहवालात काय आहे, हे कमिटीकडून आधीच जाणून घ्या. घेणारा विचारणारच, आणि "मला माहीत नाही" हे त्यावरचं सगळ्यात वाईट उत्तर आहे.

चौथं काम: हात लागतो त्या वस्तू

लोक नळ सोडून बघतात, फ्लश ओढतात, बटणं दाबतात, खिडकी सरकवतात. तुम्हीही एकदा सगळं करून बघा.

नळाची धार बारीक असेल तर लगेच प्रश्न येतो, "पाण्याचा प्रॉब्लेम आहे का?" बहुतेक वेळा पाणी भरपूर असतं आणि नळाच्या तोंडाची जाळी क्षारांनी बुजलेली असते. ती फिरवून काढा, रात्रभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. शॉवरचंही तसंच. गळणाऱ्या नळाचा वायसर बदला. फ्लशच्या टाकीतून पाणी वाहत राहत असेल तर आतला व्हॉल्व बदला, तो आवाज शांत घरात फार मोठा वाटतो. लाद्यांमधले पिवळे-काळे सांधे खरवडून पांढऱ्या सिमेंटने भरून घेतले तर जुनं बाथरूमही जुनाट वाटत नाही. मला विचाराल तर बाथरूममध्ये नव्या टाइल्स बसवण्यात पैसे घालू नका. नवीन मालक बहुधा सगळं तोडून आपल्या आवडीचं करतो.

बंद ट्यूब, फडफडणारी ट्यूब, सैल स्विच, तुटलेलं सॉकेट: इलेक्ट्रिशियनला अर्धा दिवस बोलावून सगळं एकदम करून घ्या. मुंबईतली कितीतरी घरं डक्टच्या, म्हणजे इमारतीतल्या पाइपांसाठीच्या अरुंद मोकळ्या जागेच्या, बाजूला तोंड करून असतात, तिथे भरदिवसा दिवे लागतात. अशा खोलीत एक पिवळा आणि एक पांढरा दिवा ठेवू नका, सगळे एकाच रंगाचे लावा.

कबुतरांची विष्ठा हा विषय हल्ली फार जोरात आहे. 2025 मध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना बंद केला आणि त्या विष्ठेमुळे फुफ्फुसांना होणाऱ्या त्रासाची चर्चा घराघरांत पोचली. एसीच्या मागच्या कट्ट्यावर, खिडकीच्या छज्ज्यावर, डक्टमध्ये थर साचला असेल तर तो माणूस लावून ओला करून काढून घ्या आणि जाळी बसवून घ्या. कोरडा खरवडू नका, धूळ श्वासात जाते. साफ करणाऱ्याने मास्क घातलेला असावा.

पाचवं काम: जागा दिसू द्या

साडेतीनशे-चारशे चौरस फुटांच्या घरात वीस वर्षं संसार केला की प्रत्येक भिंतीला काहीतरी टेकलेलं असतं. घेणाऱ्याला जमीन आणि भिंत दिसली पाहिजे, तरच तो आपलं कपाट, आपला पलंग मनात मांडून बघू शकतो.

आधी दारं तपासा. प्रत्येक दार पूर्ण उघडतं का? मागे कपाट किंवा इस्त्रीचं टेबल असल्यामुळे बेडरूमचं दार अर्धंच उघडत असेल तर खोली आहे त्याहून लहान वाटते. चेंबूरला दारामागची गोदरेजची रिकामी तिजोरी हलवली, आणि दार भिंतीला लागल्यावर आम्हालाच ती खोली वेगळी भासली.

मग खिडक्या. बॉक्स ग्रिलमध्ये जुन्या बादल्या, तुटक्या खुर्च्या, वाळलेली रोपं ठेवायची सवय सगळ्या मुंबईला आहे. तेवढाच तर उजेड आत येतो. ग्रिल रिकामी करा, तुळस आणि दोन हिरवी रोपं ठेवा, काचा आतून-बाहेरून पुसा, जाड पडदे धुवायला टाका आणि परत लावू नका. छताला टांगलेल्या दांड्यांवरचे कपडे पार्टी यायच्या आधी काढा. पावसाळ्यात ते जमणं अवघड, तरी त्या दिवशी मशीन लावू नका.

माळा उघडून बघणारे लोक असतात. उघडल्यावर अंगावर गोधड्या आणि पितळी भांडी आली तर कसं वाटेल? निम्मा माळा रिकामा करा. काढलेलं सामान दुसऱ्या खोलीत रचू नका, गावी पाठवा, वाटून टाका, भंगारवाल्याला द्या.

काही जण सल्ला देतात की घरातले देव, आजी-आजोबांच्या तसबिरी, मुलांचे फोटो सगळं उतरवा. मला ते पटत नाही. घरात नांदती माणसं आहेत हे दिसणं आपल्याकडे शुभ मानतात. देवघर स्वच्छ असावं, दिवा लागलेला असावा, निर्माल्य साचलेलं नसावं. आजारपणाच्या खुणा मात्र दृष्टीआड करा: औषधांचे डबे, वॉकर, बेडपॅन. घरात कोणी आजारी असेल तर त्यांची खोली दाखवण्याची वेळ त्यांना विचारून ठरवा.

किचनमध्ये ओटा रिकामा. मिक्सर, बरण्या, तेलाची किटली आत. एक्झॉस्ट पंख्यावर आणि गॅसमागच्या टाइल्सवर साचलेला चिकट थर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून निघतो, एका फेरीत निघणार नाही, दोन-तीनदा करावं लागतं. हातमोजे घाला. सिंकखालचं कपाट उघडून बघा, तिथे ओल आणि कचऱ्याचा डबा असतो आणि लोक ते नेमकं उघडतात.

सहावं काम: वेळ निवडा

घराला कुठल्या वेळी चांगला उजेड येतो ते दोन दिवस बघून ठरवा. पश्चिमेच्या खिडक्या असतील तर मे महिन्यातल्या दुपारी चारला घर दाखवू नका, सकाळी दाखवा. रविवारी दुपारची वेळ देताना त्या दिवशीचा मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघा. कल्याणहून किंवा पनवेलहून गर्दीत लटकून आलेला माणूस घामाघूम आणि वैतागलेला पोचतो, आणि तो वैताग तुमच्या घराच्या खात्यात जमा होतो.

तुमच्या रस्त्यावर पाणी तुंबत नसेल तर भर पावसात बोलवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि तो दिवस बघितलेल्या पिढीला "इथे किती पाणी भरलं होतं?" हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. उत्तर खरं द्या.

पितृपक्षात लोक घर बघायला येतात, टोकन देत नाहीत. त्याने नाउमेद होऊ नका. हा पंधरवडा दुरुस्त्यांना वापरा, घटस्थापनेनंतर फोन वाजायला लागतात. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेला टोकन द्यायचं असतं बऱ्याच जणांना, तर घर त्याच्या आधी तीन-चार आठवडे तयार असावं.

सातवं काम: घरात किती माणसं आणि कोण बोलणार

एका वेळी घरात विकणाऱ्या बाजूचे दोघंच थांबा. चारशे फुटांत तुमची पाच, त्यांची चार आणि एजंट दोन अशी अकरा माणसं झाली की घर बघायला जागाच उरत नाही. मुलांना खाली खेळायला, आजीला शेजारी काकूंकडे. टीव्ही बंद. कुत्रा असेल तर फिरायला न्या, कारण घाबरणारा माणूस आतल्या खोलीत जातच नाही.

पाणी विचारा, बसा म्हणा, मग बाजूला व्हा. त्यांच्या मागोमाग प्रत्येक खोलीत जाऊन "हे कपाट आम्ही सागाचं करून घेतलं, तेव्हा इतके लागले" असं सांगत राहिलात तर ते आपसात बोलू शकत नाहीत. नवरा-बायकोला बेडरूममध्ये दोन मिनिटं एकटं उभं राहता आलं पाहिजे. माझ्या मते तिथेच निर्णय होतो.

घाई असल्याचं दाखवू नका आणि "अजून दोन पार्ट्या लाइनीत आहेत" असंही खोटं सांगू नका. शेजाऱ्यांच्या तक्रारी स्वतःहून काढू नका. कोणी थेट विचारलं, वरच्यांचा त्रास आहे का, रात्री लोकलचा आवाज येतो का, तर जे आहे ते सांगा. राहायला आल्यावर त्यांना कळणारच आहे.

आठवं काम: आकडा आणि फाइल

घर आवडलेला माणूसही कागदांच्या बाबतीत गडबडलेल्या मालकाला बघून मागे सरकतो. सगळ्यात जास्त गोंधळ क्षेत्रफळाचा. एजंट साडेपाचशे सांगतो, करारात वेगळंच असतं, आणि पार्टी लेझरने मोजते तर तिसराच आकडा. आधी स्वतः मोजा. रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यातल्या व्याख्येनुसार कार्पेट म्हणजे आतली वापरण्याजोगी जागा: बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि स्वतंत्र गच्ची सोडून, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरून. जुन्या करारांमध्ये बऱ्याचदा बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंतींसकटचं क्षेत्रफळ, लिहिलेलं असतं, ते कार्पेट म्हणून सांगू नका. करारात चौरस मीटर असतील तर 10.764 ने गुणा, चौरस फूट मिळतात. एकच आकडा ठरवा आणि एजंटलाही तोच सांगायला लावा.

पार्किंगचं असंच. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बिल्डरला मोकळ्या किंवा स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या खांबांमधल्या) पार्किंगची वेगळी विक्री करता येत नाही. सोसायटीने तुम्हाला जागा दिली असेल तर ते पत्र दाखवा. तोंडी व्यवस्था असेल तर "पार्किंग आहे" असं म्हणू नका, जसं आहे तसं सांगा.

फाइलमध्ये हे असू द्या: पहिल्यापासूनचे सगळे करार आणि सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयातला त्या कराराचा उतारा, इंडेक्स टू), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मेंटेनन्सची शेवटची पावती, मालमत्ता कर, वीजबिल, गॅसची पाइपलाइन असेल तर तिचं बिल. कर्ज चालू असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र. घर वारलेल्या आई-वडिलांच्या नावावर असेल तर हे काम सर्वात आधी हातात घ्या. नॉमिनी असलं म्हणजे मालकी आली असं नाही, बाकीच्या वारसांचं हक्कसोड पत्र नोंदवून घ्यावं लागतं. आमचे त्यातच दोन महिने गेले.

घेणाऱ्याला मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के भरावं लागतं, महिलेच्या नावावर घेतलं तर 5. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. एजंटचं कमिशन वेगळं. एवढं गणित करून आलेल्या माणसाला शेवटच्या क्षणी सोसायटीचा खर्च सांगितला की तो हबकतो. सरकारी परिपत्रकानुसार ट्रान्स्फर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही. तुमची कमिटी काय मागते आणि तो खर्च कोण करणार, हे पहिल्या बैठकीतच बोलून ठेवा.

पार्टी गेल्यावर

प्रत्येक भेटीनंतर वहीत तारीख, कोण आलं, किती वेळ थांबले, काय विचारलं एवढं लिहा. संध्याकाळी एजंटला फोन करून विचारा, "भाव सोडून काय खटकलं?" तो गुळमुळीत बोलेल, पुन्हा विचारा. मुलुंडला पाच भेटींपैकी तीन जण म्हणाले होते की किचनमध्ये अंधार आहे. आम्हाला कधी तसं वाटलं नव्हतं, आई तिथे तीस वर्षं वावरली होती. ओट्यावर एक एलईडीची पट्टी लावली, खिडकीवरचं जुनं प्लास्टिक काढलं.

घर शेवटी ज्यांनी घेतलं, त्या बाई दुसऱ्यांदा सासूबाईंना घेऊन सकाळी साडेसहाला आल्या, पाण्याच्या वेळेला. तुमच्याकडेही दुसऱ्या भेटीला मोठी माणसं येतील आणि अशीच अडनिडी वेळ मागतील, ती द्या. सासूबाईंनी किचनचा नळ सोडला, खाली हात धरून उभ्या राहिल्या, मग बाथरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाहेर येऊन मला विचारलं, "कचरा न्यायला किती वाजता येतात?" मी वेळ सांगितली. मग त्यांनी दूधवाल्याचं विचारलं, पेपरवाल्याचं विचारलं, आणि आई देव कुठे ठेवायची ते बघून त्या कोपऱ्यापाशी खुर्ची ओढून बसल्या. मी फाइल आणायला आत गेलो.